‘अजून ठरलं नाही’ हेही उत्तरच आहे

सर्वेक्षणाचा डेटा हातात आला की तुम्ही आधी काय कराल? ‘माहीत नाही’वाल्या ओळी उडवाल. मीही उडवल्या होत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही संस्था आहे, तीच ते करते. त्यात मुलं असलेल्या बाईला विचारतात, की मूल नव्हतं त्या काळात परत जाता आलं आणि नेमकी संख्या निवडता आली, तर किती निवडाल? आता बघा, जिला तीन आहेत ती ‘दोन’ म्हणायला कचरते. अंगणात खेळणारं तिसरं नको होतं असं कोण बोलेल! म्हणजे हा आकडा थोडा फुगलेलाच असणार. तरीही २०१९-२१ च्या फेरीत देशाचा एकूण प्रजनन दर २.० निघाला आणि ‘इच्छित’ दर १.६.

दुसरा प्रश्न वेगळा: पुढे मूल हवंय की नको? इथे ‘ठरलेलं नाही’ला स्वतःचा कोड आहे. तो कोरा रकाना समजून गाळलात, तर उरतात फक्त ठाम माणसं.

माझंच सांगते. वय २८, फेलोशिपचं दीड वर्ष उरलंय. यूजीसीच्या नियमांत पीएचडीदरम्यान २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे, ते पाठ आहे. तरी ठरत नाही. दिवाळीत सासूबाईंना तसं सांगितलं. त्यांनी आत्याबाईंना फोनवर कळवलं, “तिला नकोच आहे.”

चुकीचं कोडिंग म्हणतात ते हेच. परत आल्यावर मी त्या उडवलेल्या ओळी फाइलमध्ये पुन्हा घातल्या.