चिखलाची वात

देवापुढच्या समईसाठी आई कापसाची वात वळते, तशी मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत चिखलाची वात वळत होतो. काचेवर, बोटांनी, हलकेच मागेपुढे. तीन मिलिमीटर जाडीला आली तरी तुटली नाही, म्हणजे माती अजून ओली. मोडायची, गोळा करायचा, पुन्हा वळायची. हाताच्या उबेने तिच्यातलं पाणी उडत जातं. सहाव्या खेपेला ती नेमकी तीन मिलिमीटरवर भेगाळली. तुकडे लगेच डबीत, डबी वजनकाट्यावर, मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये. दुसऱ्या दिवशी घटलेलं वजन म्हणजे पाणी. कोरड्या मातीशी त्याची टक्केवारी काढली की प्लास्टिक लिमिट मिळते. त्याहून कोरडी माती वळत नाही, फुटते.

स्थापत्यच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येऊन तीन आठवडे झाले होते. शेकडो सायकलींत आपली शोधताना तासाला उशीर व्हायचा, वर्गात तोंड उघडायला धीर होत नव्हता. मग १९५३ च्या पुराचा तास झाला. ३१ जानेवारीच्या रात्री मोठी भरती आणि वायव्येचं वादळ एकदम आलं, बांध फुटले, नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. शेजारच्याने ‘स्प्रिंग टाइड’ लिहून घेतलं. मी वहीत ‘उधाण’ लिहिलं.

नागोठण्याच्या खाली अंबा नदी धरमतरच्या खाडीकडे रुंदावत जाते. त्या अंगाला आमची खारजमीन. मातीची बंदिस्ती, पाणी सोडायला उघाडी, आत भात. उधाणात बांध फुटून खांड गेली की खारं पाणी शिरतं आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. बांधाचा चिखल आजोबा मुठीत दाबून बघत. भेगाळला तर बाजूला टाकत.

रात्री फोनवर त्यांना वातीचं सांगितलं. “माती कळली रे,” ते म्हणाले, “पण तिकडं बांधाला खेकडे लागतात का?” त्यांच्या मते खांड खेकड्याच्या बिळातून सुरू होते. इथे बांध पोखरतो तो मस्करॅट, उंदराच्या जातीचा प्राणी. तेराव्या शतकापासून चालत आलेली इथली जलमंडळं त्याला पकडायला माणसं नेमतात.

“पगारी?” आजोबांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे बांध राखायला रात्री कंदील घेऊन घरचीच माणसं जात.

पुढच्या आठवड्यात बांधाखालून झिरपणाऱ्या पाण्याचा तास आहे. आजोबांनी बजावलंय, पाणी नितळ येतंय की गढूळ, ते पहिलं विचार. गढूळ असेल तर ते माती घेऊन येतंय.