लिटर तेच, अंतर कमी

इथेनॉलमिश्रित पेट्रोलविषयी तक्रार निघाली की ‘ऑक्टेन वाढते’ हे उत्तर ठरलेले. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. वाढीव ऑक्टेनचा खरा लाभ इंधन अधिक दाबणाऱ्या इंजिनालाच होतो. जुन्या गाडीला तो कोठून मिळणार? शिवाय लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या धर्तीच्या मोटारींसाठी ६ ते ७, दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के कार्यक्षमता-घट वर्तविली होती आणि भरपाईदाखल करसवलत सुचविली होती. साखर कारखान्यांना आधार मिळाला, हे महाराष्ट्राने तरी नाकारू नये. परंतु २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले, तेव्हा पंपावरील दर त्या प्रमाणात उतरला नाही.