सेन्सरचा आकडा खरा कशावरून?

आमच्या नववीच्या वर्गात हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे दोन सेन्सर एकाच बाकावर ठेवले होते. एकावर ६२०, दुसऱ्यावर ९१०. एका मुलीनं विचारलं, "सर, वहीत कोणता लिहू?" सरासरी लिही, असं सांगणं सोपं होतं. पण दोन्ही घड्याळं चुकीची असतील, तर त्यांची सरासरी काढून वेळ कळत नाही.

या सेन्सरमध्ये एक बारीकसा दिवा अवरक्त किरण सोडतो. कार्बन डायऑक्साइडचे रेणू त्यातले ठरावीक किरण शोषतात. पलीकडे किती किरण पोहोचले, त्यावरून आकडा निघतो. साध्या सेन्सरमध्ये दिवा मंदावला किंवा आत धूळ गेली, तरी किरण कमीच पोहोचतात आणि यंत्राला वाटतं, वायू वाढला! म्हणून त्याला अधूनमधून माहितीतली हवा दाखवावी लागते. याला अंशांकन म्हणतात.

अशी हवा मैदानावर फुकट मिळते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ इथं मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले. दुपारी, वारा असताना, रस्त्यापासून लांब सेन्सर पंधरा-वीस मिनिटं ठेवावा आणि त्यावर वाकू नये. आपल्या उच्छ्वासात हे प्रमाण ४०,००० च्या घरात असतं.

बरेच सेन्सर हे काम आपणहून करतात. गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजेच मोकळी हवा, असं ते धरून चालतात. पण वर्गाच्या खिडक्या आठवडाभर बंदच असल्या तर? कोंदट हवाच त्यांना ताजी वाटू लागते. शाळेत ही सोय बंद ठेवलेली बरी.

तरी एवढ्यानं भागत नाही. रिकाम्या तराजूचा काटा मध्ये आला, म्हणून वजनं बरोबर आहेत असं थोडंच? दुसरा बिंदू हवा. तो आम्ही स्वयंपाकघरातून आणला. ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केलं. वीस लिटरच्या पारदर्शक डब्यात मैदानावरची हवा, सेन्सर आणि बशीत थोडं व्हिनेगर ठेवून झाकण लावलं. बारीक भोकातून सिरिंजनं एक मिलिलिटर द्रावण बशीत सोडलं, भोकाला टेप लावली आणि डबा हलकेच हलवत राहिलो. एवढ्या सोड्यातून सुमारे २४ मिलिलिटर वायू निघतो. म्हणजे दहा लाखांत १२०० ची भर पडून आकडा १६०० च्या आसपास यायला हवा. मैदानावर जुळलेले आमचे दोन सेन्सर इथं पुन्हा वेगळे झाले: एक १५७०, दुसरा १३४०. दुसऱ्यावर मुलींनी चिठ्ठी डकवली, 'फक्त चढ-उतार पाहण्यासाठी'.

आणि सहलीला महाबळेश्वरला नेणार असाल, तर सेन्सरमध्ये उंचीची नोंद करा. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्के कमी असतो. त्यामुळे हवा तितकीच चांगली असली, तरी आकडा कमी दिसतो.