श्रावण धरला आणि हात थरथरू लागले

गटारी अमावास्या उलटली की दोन-तीन दिवसांत माजिवड्याच्या माझ्या दवाखान्यात ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. हातात चहाचा कप धरवत नाही, दरदरून घाम येतो, रात्रभर डोळा लागलेला नसतो. सोबत आलेली पत्नी मात्र समाधानात असते. "डॉक्टर, यांनी श्रावण धरलाय. परवापासून थेंब नाही. अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावा."

हा अशक्तपणा नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूला गुंगीतच काम करण्याची सवय झालेली असते. त्यासाठी तो सतत जादा जोर लावत असतो. दारू एकदम बंद झाली की गुंगी उतरते, जोर मात्र तसाच राहतो. पहिल्या दिवशी थरथर, पहिल्या दोन दिवसांत कधी फिट. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, ताप चढतो, नाडी धावते, घरची माणसेही ओळखू येत नाहीत. वैद्यकशास्त्रात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. आपल्याकडे 'बाहेरचे झाले' म्हणून भगताला बोलावतात. तिथे गेलेले तास जिवावर बेतू शकतात.

सलाईनबद्दलही थोडे सांगतो. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी असते. ते आधी न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. तेव्हा डॉक्टरांना दारूचे खरे प्रमाण सांगा. लाजेपोटी 'कधीतरी घेतात' म्हणणारी कुटुंबे मला नेहमी भेटतात.

सणावारी एखादा पेला घेणाऱ्याला ही भीती नाही. पण सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागत असेल, किंवा पूर्वी फिट आली असेल, तर घरच्या घरी दारू तोडू नये. सोडायची ती अवश्य सोडावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बहुधा आठवडाभर उतरत्या मात्रेत औषध द्यावे लागते. न सांगता जेवणात कालवायच्या पुडीच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. तिच्यात डायसल्फिराम असले आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब घसरून माणूस दगावू शकतो.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूच्या पूर्ण आहारी गेलेले होते.

शरीर आठवड्यात सावरते, ओढ राहते. म्हणूनच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात रुग्णाला पाच आठवडे ठेवून घेतात. नुसता श्रावण पाळणारा गणपती गेले की पुन्हा सुरू करतो, आणि पुढच्या वर्षीची थरथर आधीपेक्षा वाईट असू शकते. दरवर्षी तोडण्याने मेंदू अधिकच बिथरतो.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.