मोटारीचा तडकलेला डॅशबोर्ड

गाडीस घोडा जुंपला जात असे त्या काळीं, टापांनीं उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून, बग्गीच्या तोंडाशीं लांकडाची अगर चामड्याची फळी उभी करीत. तिचें नांव डॅशबोर्ड. घोडा गेला, परंतु नांव टिकलें. आणि आज वेगाचा व पेट्रोलचा कांटा जीवर बसविलेला असतो त्या फळीस आपण तेंच नांव देतों. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत जुनी मोटार बाळगणाऱ्यांस ही फळी फार मनस्ताप देते. इंजिन कुरकुरलें तर मिस्त्री भेटतो. फळी तडकली कीं "गाडी म्हातारी झाली" असें म्हणून लोक मोकळे होतात. वास्तविक हें म्हातारपण नव्हे. हा उन्हाचा प्रताप होय.

जुन्या जीपमध्यें नुसता रंगविलेला पत्रा असे. त्यास तडे जाण्याचें कारणच नव्हतें. पुढें, अपघातांत कपाळ पत्र्यावर आपटून माणसें दगावतात हें ध्यानांत आल्यावर फळीवर स्पंजाची गादी आली. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९५६ च्या मोटारींत ती देऊं केली व १९६८ पासून तेथील सरकारी नियमांनींहि या बाबतींत अटी घातल्या. या गादीवरील आवरणास आपण रेक्झिन म्हणतों. तें बहुधा पी.व्ही.सी. असतें. नुसतें पी.व्ही.सी. नळाच्या पाइपाप्रमाणें कडक. त्यांत विशिष्ट तेलकट द्रव मिसळला म्हणजे तें कातड्यासारखें मऊ होतें. ही युक्ति १९२६ सालीं वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास सांपडली.

दोष येथेंच आहे. हा द्रव पी.व्ही.सी.शीं कायमचा जखडलेला नसतो; उष्णतेनें तो हळूहळू उडून जातो. ॲरिझोना संस्थानांत केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सुमारें ३८ अंशांच्या दिवशीं उन्हांत बंद ठेवलेल्या मोटारींचे डॅशबोर्ड तासाभरांत सरासरी ६९ अंशांपर्यंत तापलेले आढळले. आपल्या चंद्रपुरांत पारा ४७ अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हां येथें काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. विद्यार्थ्यांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. उन्हांत राहणाऱ्या मोटारीची पुढील कांच आंतून पांढऱ्या फडक्यानें पुसावी. फडक्यास जो चिकट मळ लागतो त्यांत धुळीबरोबर रेक्झिनांतून उडालेला हा द्रवहि असतो. त्यास मुकलेलें रेक्झिन आक्रसतें, ताणलें जातें व अखेर फाटतें. भेगेच्या कडा वर वळतात आणि खालील स्पंजाचा भुगा होऊं लागतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजोबांची १९७८ सालची पद्मिनी आहे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होणाऱ्या या मोटारीची निपज आतां थांबली असून तिची शेवटची टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आजोबांनीं हौसेनें चढविलेलें डॅशबोर्डाचें रेक्झिन तडकलें तेव्हां मुलांनीं गाडी भंगारांत काढण्याचें ठरविलें. नातीनें हट्ट धरला म्हणून आषाढांत एका कारागिराकडून नवें रेक्झिन चढविलें गेलें. काम दिसावयास सुरेख होतें. पण पुढल्या मे महिन्यांत त्यास पापडासारखे फुगे आले.

कारागिराचा हात वाईट नव्हता. ऋतु व गोंद हे दोन्ही चुकले होते. सनमायका चिकटविण्याचा साधा गोंद साठ-सत्तर अंशांवर ढिला पडूं लागतो. शिवाय गोंदांतील द्रावक उडतांना, माठ थंड होतो त्याप्रमाणें, पृष्ठभाग थंड होतो व पावसाळ्यांतील दमट हवेची वाफ त्यावर दंवासारखी जमते. मग दोन थर एकजीव होत नाहींत. म्हणून आमच्या मतें हें काम मार्गशीर्ष-पौषांतच काढावें, आणि मोटारीच्या छताचें अस्तर चिकटविण्यासाठीं मिळणारा, उष्णता सोसणारा गोंद वापरावा. नातीची गाडी दुसऱ्या खेपेस अशाच रीतीनें दुरुस्त झाली व त्यानंतरचे दोन उन्हाळे तिनें काढले आहेत.

कृति अशी. प्रथम बॅटरीची तार सोडावी, सर्व तारांची छायाचित्रें घ्यावीं व मग फळी उतरवावी. जेथें नवें रेक्झिन जुन्यावरच बसवावयाचें असेल तेथें वर्षानुवर्षें चोळलेलें चकाकीचें औषध स्पिरिटनें पुरतें पुसून काढावें, नाहीं तर त्यावर कांहींच धरत नाहीं. भेगेच्या वर आलेल्या कडा कापून तेथें उतरती खांच करावी, टोकाशीं बारीक भोंक पाडावें म्हणजे भेग पुढें सरकत नाहीं, आणि लवचिक मसाला भरून पॉलिश-कागदानें सपाट करावें. पत्र्यावर भरण्याची कडक पुट्टी येथें घालूं नये. ती स्पंजाबरोबर लवत नाहीं व कडेनें पुन्हा सुटते. नंतर विणलेल्या पाठीचें, ताणणारें रेक्झिन घ्यावें. गोंद दोन्ही अंगांस लावून बोटास किंचित् चिकट लागेपर्यंत थांबावें, आणि मधून कडांकडे दाबीत जावें. कांट्यांभोवतींच्या खोलगट जागीं घाई केली कीं रेक्झिन पुलासारखें अधांतरीं राहतें; तेथें तें गरम हवेनें मऊ करून बसवावें अगर शिवण घ्यावी. भोंकें शेवटीं कापावीं. रंग गडद व चकाकी नसलेला असावा, कारण चकाकीचें प्रतिबिंब कांचेंत पडून हांकणाऱ्याचे डोळे दिपतात.

गोंदाच्या वाफा विषारी व ज्वालाग्राही असतात; दारें-खिडक्या लावून हें काम करूं नये व लहान मुलांस त्यापासून दूर ठेवावें. ज्या मोटारींत डॅशबोर्डामागें हवेची संरक्षक पिशवी असते त्यांवर हा प्रयोग कदापि करूं नये. नवें आवरण पिशवी उघडण्याच्या आड येऊन जीव जाईल.

पुढें निगा सोपी आहे. सावली शोधावी, नाहींच मिळाली तर जाड पांढरें कापड फळीवर पसरावें. खोबरेल तेल चोळण्याची पद्धत मात्र सोडावी. तें आंत जाऊन उडालेल्या द्रवाची जागा घेत नाहीं, आणि वैशाखांतील सगळी धूळ त्यावर बसते.