ऑपरेशन पोटाचं, मग लिव्हर कशाला तपासतात?

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरतं आणि डॉक्टर म्हणतात, आधी लिव्हर बघू. घरची मंडळी गोंधळतात.

मुलांनो, कलेजी आपल्या घरी विस्तवावर भाजूनच का खातात? कारण तिच्यात रक्त फार. आपल्या पोटातलं लिव्हरही तसंच. जठर-आतड्यांचं रक्त त्यातूनच पुढे जातं. सिरॉसिसने ते निबर झालं की वाट अडते आणि जठराभोवतीच्या शिरा फुगतात. तिथे सुरी लावायची म्हणजे रक्तस्रावाची भीती. त्यात रक्त गोठवणारे बरेचसे पदार्थ बनवतं तेही लिव्हरच! ऑपरेशननंतर पोटात पाणी साठतं ते वेगळंच.

म्हणून चाइल्ड-प्यू नावाच्या मोजमापाने ए, बी, सी असे वर्ग पाडतात. कावीळ, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि गुंगी, या 5 गोष्टी बघतात. 'ए'वाल्यांचं ऑपरेशन बहुधा होतं. 'बी'त आधी तब्येत सुधारून घेतात. 'सी'त सहसा सुरी लावत नाहीत. कॅन्सर अगदी सुरुवातीचा असला तर कधीकधी तोंडातून दुर्बीण घालूनही काढता येतो.

तारीख पुढे गेली तर रागावण्याआधी आपण 'वर्ग कुठला?' एवढं विचारावं. आणि आजोबांनो, घरगुती काढे व किद्दुशाव्यतिरिक्तचे पेले डॉक्टरांपासून लपवू नका.