मालक सतरा वर्षांचा, तलवार रत्नागिरीची

१९३१ साली २२ फेब्रुवारीला रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांच्या पैशातून उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी खुले झाले. तीन आठवड्यांच्या आत, १४ मार्चला, मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि पडद्यावरची माणसे चक्क गाऊ लागली. त्याच साली रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आले. चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या आणि कंपनी मास्टर दीनानाथ मंगेशकरांची, म्हणजे बळवंत संगीत मंडळी. बोलपट दारात येऊन उभा, आणि आमचे नाटकवाले नवी पदे बसवताहेत! धंद्याच्या हिशेबाने इतका वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. पण त्या नाटकाची पदे आजही गायली जातात, आणि ‘आलम आरा’ची तर एक प्रतसुद्धा शिल्लक नाही.

लेखक मात्र आपल्या नाटकाबरोबर गावोगाव हिंडू शकत नव्हता. १९२४ पासून सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायची मनाई होती आणि राजकारणात पडायचीही. ही बंदी उठली १९३७ साली. मग गप्प न बसणारा माणूस काय करतो? नाटके लिहितो. १९२७ सालच्या ‘उःशाप’मध्ये त्यांनी अस्पृश्यतेवर हत्यार उपसले होते. ‘संन्यस्त खड्ग’मध्ये थेट बुद्धाचा काळ गाठला. शाक्यांचा सेनापती संन्यास घेतो, शत्रू चालून येतो, आणि टाकलेली तलवार पुन्हा उचलायची की नाही हा पेच उभा राहतो. राजकारणावर बंदी होती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शाक्यांवर नव्हती. सरकारी पहाऱ्यातल्या लेखकाचे नाटक घ्यायला छातीही लागते. दीनानाथांच्या मंडळीपाशी ती होती, कारण तिला या प्रकाराची सवय होती. वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभी’ त्यांनी १९२७ मध्येच केले होते. त्यातली पारतंत्र्याची चीड आणणारी पदे दीनानाथ स्त्रीवेषात, तेजस्विनीच्या भूमिकेत गात. तिथेही चाली वझेबुवांच्याच.

मालक, पण नुकतेच मिसरूड फुटलेला

दीनानाथ मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, जन्म २९ डिसेंबर १९००. आई येसूबाई गाणाऱ्या. आडनाव गावच्या देवावरून घेतलेले. पहिले धडे बाबा माशेलकरांकडे. आवाज पातळ, टोकदार आणि चपळ.

१९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले, आणि १८८० पासून चालत आलेल्या त्या कंपनीला आपली नायिका गेल्याचा साक्षात्कार झाला. ती पोकळी भरायला आणलेल्या पोरांत पुढच्याच वर्षी हा गोव्याचा मुलगाही आला. वय तेरा-चौदा. महाराष्ट्र ज्याच्या एका लाजण्यावर जीव ओवाळून टाकत होता, त्याच्या जागी उभे राहायचे म्हणजे काय ते विचारू नका. शहाण्या मुलाने मुकाट्याने नक्कल केली असती आणि पोट भरले असते. या मुलाने केली नाही. माझ्या मते दीनानाथांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो त्यांनी दाढी यायच्या आधी घेतला.

दुसरा निर्णय १९१८ चा. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी किर्लोस्कर सोडली आणि बळवंत संगीत मंडळी काढली. दीनानाथांना अजून अठरावे पुरे झाले नव्हते! ज्या वयात आपली मुले बारावीनंतरच्या प्रवेशाच्या फेऱ्या मोजतात, त्या वयात या गृहस्थाच्या डोक्यावर नट, साजिंदे, आचारी, कपडेपट आणि पडद्यांसह एक अख्खा चालता-बोलता गाव होता.

राम गणेश गडकऱ्यांनी अखेरच्या आजारपणात पुरे केलेले ‘भावबंधन’ या मंडळीकडे आले. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी सावनेरला वारले. नाटकाचा प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. चिंतामणरावांचा घनश्याम गाजला आणि दीनानाथांची लतिकाही. पुढे १९२९ मध्ये इंदूरला थोरली मुलगी झाली. तिचे नाव हेमा ठेवले होते, ते बदलून बापाने आपल्या भूमिकेवरून लता केले. बापाने रंगवलेल्या बाईचे नाव मुलीला मिळाले असे उदाहरण जगात दुसरे असेल तर कळवावे.

एका मंडळीत किती पुस्तके मावतात?

बळवंतचे भागीदार आणि सोबती हा स्वतंत्र गमतीचा विषय आहे. चिंतामणराव कोल्हटकरांनी म्हातारपणी ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र लिहिले. त्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बळवंतसाठी १९३३ मध्ये ‘ब्रह्मकुमारी’ लिहिणारा तरुण म्हणजे विश्राम बेडेकर. त्यांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ला हाच पुरस्कार १९८५ मध्ये मिळाला. तेही आत्मचरित्रच. एका नाटक कंपनीच्या बिऱ्हाडातून अकादमी पुरस्काराची दोन आत्मचरित्रे निघाली. आणि कृष्णराव कोल्हापुरे? त्यांची नात पद्मिनी कोल्हापुरे. हिंदी सिनेमा पाहणाऱ्यांना अधिक सांगायला नको.

गळा की पट्टा?

दीनानाथांची जुनी तबकडी ऐका. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे, त्यामुळे प्रस्तावनेला सवड नाही. मुखडा सांगून होतो न होतो तोच तान सुटते. ती पायरीपायरीने वर चढत नाही, खालून उचलून एकदम तारसप्तकात फेकल्यासारखी जाते आणि परतताना मध्येच एखाद्या अनपेक्षित स्वरावर ठेच लागल्यासारखी थांबते. ठेका पकडून बसलेला श्रोता समेवर मान टाकणार, तर हे गृहस्थ सम गाठून पुढे निघालेले असतात. पंजाबी ढंगाच्या हरकती त्यांनी नाट्यपदात बेधडक आणल्या. ‘मानापमान’मधला धैर्यधरही त्यांनी केला, तोही याच तोऱ्यात.

साहजिकच घरोघरी दोन पक्ष पडले. गंधर्वांचे भक्त म्हणत, हे गाणे कसले, ही तर आतषबाजी. दीनानाथांचे भक्त म्हणत, तुमच्याकडे पद संपेपर्यंत आमच्याकडे तीन वन्समोअर होतात. तडजोडीला कोणी तयार नसे. पक्ष विचाराल तर मी आतषबाजीवाला. पुढे वसंतराव देशपांड्यांनी हा दारूगोळा जपून ठेवला आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’च्या खाँसाहेबांच्या तोंडून पुन्हा उडवला.

रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात आजही संगीत नाटक लागते तेव्हा पुढच्या रांगांतली जाणती मंडळी तोंडाने काही बोलत नाहीत. मांडीवर बोटांनी ताल धरतात आणि गायक समेला चुकला तर बोटे थांबतात. शेरा मिळाला! आपल्या गावी लिहिलेल्या नाटकातले पद असेल तर या परीक्षकांची नजर जरा जास्तच कडक होते.

पडद्याने केलेला घात

बोलपटाशी वैर परवडत नाही हे कळल्यावर मंडळीने बोलपटच काढायचे ठरवले. सांगलीला बळवंत पिक्चर्स उभी राहिली. १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ आला. दिग्दर्शनात कोल्हटकर आणि बेडेकर, पडद्यावर खुद्द दीनानाथ. चित्रपट पडला आणि सोबत कंपनीही. त्याचे रसभरित वर्णन करण्यात मजा नाही. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात दीनानाथ गेले, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. लता तेव्हा बारा वर्षांची होती.

कंपनीच्या पडत्या काळात एकदा ‘सौभद्र’चा प्रयोग होता आणि नारद करणारा नट आलाच नाही. ही चिमुरडी म्हणाली, मी करते नारद. बाबांसमोर उभी राहिली आणि वन्समोअर घेतला. हा किस्सा लताबाई स्वतः सांगत. आशाबाईंनी पुढे वडिलांची नाट्यपदे गाऊन मुद्रित केली.

आणि त्यांच्या भावाने, हृदयनाथांनी, सावरकरांची एक कविता निवडली. रत्नागिरीतली नव्हे, त्याआधीची, १९०९ मध्ये ब्रायटनच्या समुद्रकाठी सुचलेली. तिला चाल दिली आणि गायला बसवले ते लता, मीना, आशा, उषा आणि स्वतः हृदयनाथ यांना. पाचही भावंडे एका ध्वनिमुद्रणात! या मंडळीत भागीदार फुटायची भीती नव्हती, आचाऱ्याचा पगार थकला नव्हता, आणि नारदाच्या भूमिकेसाठी ऐनवेळी कोणाला शोधावेही लागणार नव्हते.